ई३० ३२५आय : फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर काढून हॉट-फिल्म सेन्सर, काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. माझ्या बीएमडब्ल्यू ई३० ३२५आयचा मूळचा फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर (इंजिन किती हवा घेतंय ते मोजणारा भाग) काढून तिथे हॉट-फिल्म सेन्सर आणि त्याचा सिग्नल जुन्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) समजेल असा करून देणारा छोटा बॉक्स, असं किट बसवलं. त्यानंतर थंडी, ऊन, पाऊस असं सगळं त्या गाडीने पाहिलं. ताकद जेमतेम वाढली. पण हलक्या आणि अर्ध्या थ्रॉटलला गाडी आता इतकी एकसंध ओढते की मीटर बदलायला एवढं एकच कारण मला पुरेसं आहे. ज्यांना फक्त हॉर्सपॉवरचा आकडा वाढवायचा आहे त्यांनी हे किट घेऊ नये.

इंजिन एम२०बी२५, म्हणजे सरळ रांगेतले सहा सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह, २४९४ सीसी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह १७० पीएस. ३२५आय १९८५ साली आली. इंधन आणि इग्निशन दोन्ही बॉशच्या मोट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे. ही मोट्रॉनिक बीएमडब्ल्यूने १९७९ मध्ये ७३२आयवर पहिल्यांदा दिली होती, आणि फ्लॅपचा मीटर तिने त्याहून जुन्या एल-जेट्रॉनिक या बॉशच्याच इंजेक्शन यंत्रणेकडून घेतला.

मीटरची रचना मला फार आवडते, म्हणून थोडं सविस्तर. एअर फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो. आत स्प्रिंगने ओढून धरलेला फ्लॅप. इंजिन हवा खेचायला लागलं की फ्लॅप उघडतो. त्याच्या दांड्यावरची धातूची बारीक पट्टी सिरॅमिकच्या तुकड्यावर छापलेल्या कार्बनच्या पट्ट्यावरून सरकते, आणि ती जिथे असेल त्यानुसार ईसीयूकडे व्होल्टेज जातं. फ्लॅपला जोडलेली दुसरी एक पाकळी शेजारच्या बंद कप्प्यात फिरते. तिथली कोंडलेली हवा धक्के खाते, म्हणून इनटेकमधल्या कंपनांनी फ्लॅप थरथरत नाही. काळं झाकण उघडून आतली गोल गुंडाळलेली स्प्रिंग आणि दातेरी चाक एकदा पाहा. एवढ्या कमी भागांत एवढं काम करून घेणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते.

पण जिथे घासणं आहे तिथे झीज आहे. आणि झीज सगळीकडे सारखी नसते. आयडलला आणि एका वेगात चालताना पट्टी तासन्‌तास ज्या जागी असते, कार्बन तिथेच उडतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना एका ठरावीक जागी खरखर यायची, तसाच हा प्रकार. इथे ती खरखर पेट्रोलच्या मिश्रणात उतरते.

माझ्या गाडीत ती अशी दिसायची : २००० ते ३००० आरपीएम, तिसरा गियर, पाय हलकाच दाबलेला, आणि गाडी बारीक हिसके देते. पाय जोरात दाबला की सगळं साफ, कारण पट्टी खराब जागा ओलांडून पुढे गेलेली असते. थांब्यावरून निघताना एकदा दम खायची आणि मग सुटायची. प्लग, केबल, डिस्ट्रिब्युटर कॅप बदलूनही हिसके गेले नाहीत, तेव्हा संशय मीटरवर आला.

तपासणी सोपी आहे आणि ती केल्याशिवाय कोणी मीटर बदलू नये. फिल्टर बॉक्स सोडवा, इग्निशन चालू करा, इंजिन बंदच ठेवा. सिग्नलच्या तारेवर मल्टीमीटर लावून फ्लॅप बोटाने अगदी हळू ढकला. बंद असताना पाव व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या पुढे, आणि मधे एकसारखी चढण हवी. मल्टीमीटर काट्याचा घ्या. डिजिटलवर आकडा बदलेपर्यंत खराब जागा निघून गेलेली असते, काटा मात्र चटकन पडलेला दिसतो. माझ्याकडे सुरुवातीच्या एक तृतीयांश भागातच काटा कोसळत होता.

याच्याही आधी गळती. मीटरच्या पुढे जिथून कुठून हवा आत शिरेल ती मोजलीच जात नाही, मग मीटर कितीही चांगला असो. एम२०वर मीटर आणि थ्रॉटलमधला रबरी एल्बो खालच्या घडीत चिरतो, वरून धडधाकट दिसतो. ऑइल कॅप, डिपस्टिकची ओ-रिंग, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, आयडल कंट्रोल व्हॉल्व्हचे होज, इंजेक्टरची सील, सगळे त्याच यादीतले. स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधताना, माझा एल्बो आणि डिपस्टिक दोन्ही धूर सोडत होते. ते बदलल्यावर आयडल बसलं, हिसके तसेच राहिले. फ्युएल प्रेशर व्हॅक्यूमची नळी काढून ३ बार दाखवत होतं, म्हणजे त्या बाजूला काही नव्हतं. एवढं झाल्यावरच मीटरवर ठपका ठेवला.

पर्याय तीन-चार होते. जुना सुटा मीटर घेण्यात अर्थ नाही, तोही तेवढाच चाललेला असणार. मूळ मीटर नीट दुरुस्त करून घेणं हा खरोखर चांगला मार्ग आहे. कार्बनचा तुकडा बदलता येतो, किंवा पट्टीची टोकं किंचित वळवून ती पट्ट्याच्या न झिजलेल्या भागावरून चालवता येतात. ज्यांची गाडी मूळ स्वरूपात जपलेली आहे त्यांना मी आजही हेच सांगेन. फक्त ते दातेरी चाक कोणाला फिरवू देऊ नका. एक दाता पुढेमागे झाला की स्प्रिंगचा ताण बदलतो आणि आयडलपासून टॉपपर्यंत सगळं मिश्रण सरकतं. आयडलसाठी बायपासचा स्क्रू वेगळा दिलेला आहे.

मी सेन्सरकडे वळलो ते उंचीमुळे. डोंगरातल्या रस्त्यांवर माझी गाडी बरीच असते. फ्लॅपवरचा जोर हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो, म्हणून विरळ हवेत फ्लॅपची चूक घनतेच्या वर्गमुळाइतकी राहते. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर घनता साधारण ८६ टक्के उरते. इंजिनला हवा ८६ टक्के मिळते आणि फ्लॅप सांगतो सुमारे ९३. म्हणजे मिश्रण सात टक्क्यांहून जास्त रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तापमानाची दुरुस्ती मीटरच्या तोंडाशी असलेला थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) करतो. उंचीसाठी माझ्या गाडीत वेगळा सेन्सर नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहणारा लॅम्डा सेन्सर हलक्या थ्रॉटलला हे सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू त्याचं ऐकतच नाही. हॉट-फिल्ममध्ये तापलेली फिल्म आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायला किती करंट लागतो ते मोजलं जातं, त्यामुळे थेट हवेचं वस्तुमान मिळतं. बीएमडब्ल्यूनेच १९९०च्या एम५०वर फ्लॅप सोडून दिला, तो उगाच नव्हे.

किट निवडताना नळीचा व्यास पाहा, हे मी सगळ्यात आधी सांगेन. हे इंजिन आयडलला तासाला साधारण १५ किलो हवा घेतं आणि टॉपला पावणेपाचशेच्या आसपास. तीसपट फरक झाला. नळी मोठी घेतली तर वर भरपूर जागा मिळते, पण खाली हवेचा वेग इतका कमी होतो की सिग्नलमध्ये बारकावा राहत नाही. व्यास दहा टक्के वाढवला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. ‘पुढे टर्बो टाकायचा झाला तर’ म्हणून मोठी नळी घेणाऱ्यांची आयडल कधीच बसत नाही. माझ्या किटची नळी मूळ इंजिनाला साजेशी होती, त्यात सेन्सरच्या आधी जाळीही आहे.

बसवायला वेळ लागला नाही. मूळच्या चार पिनांच्या कप्लरला किटची वायर जुळते, एकही तार कापावी लागत नाही. सेन्सरला लागणारा १२ व्होल्टचा पुरवठा मुख्य रिलेकडून घेतला. तापमानाच्या पिनवर थर्मिस्टरऐवजी ठरावीक रेझिस्टर येतो, २० अंशांना मूळ थर्मिस्टर जे दाखवेल त्याच्या जवळपासचा, म्हणजे सुमारे अडीच हजार ओहम. वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरवर तापमानाची दुरुस्ती पुन्हा केली तर ती दुहेरी होईल. ज्या किटच्या सूचनांमध्ये या पिनचा उल्लेखच नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरं काम त्यानंतर. सेन्सरचा सिग्नल ईसीयूसाठी किती बदलायचा ते ठरवणारी बॉक्समधली रेषा कारखान्यातून येते तशी गाडी सुरू होते, चालते, आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. वाईडबँड, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवणारा सेन्सर, लावल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. मी आधी आयडल, मग स्थिर वेग, शेवटी पूर्ण लोड असा क्रम ठेवला. एका भाग पेट्रोलला हवा हलक्या थ्रॉटलला १४.७ भागांच्या आसपास, पूर्ण लोडला १३च्या किंचित खाली. कारखान्याची रेषा माझ्या इंजिनावर मधल्या भागात लीन (पेट्रोल कमी) होती, वरच्या भागात जास्तच रिच.

चढाच्या वळणांवर दुसऱ्या गियरला पाय हलकेच सोडायचा, धरायचा, पुन्हा थोडा दाबायचा, हे या इंजिनाचं सगळ्यात सुंदर काम. पूर्वी तिथेच हिसके बसत. आता पायाच्या बोटाएवढ्या हालचालीला इंजिन तेवढंच उत्तर देतं. उंचावर गेल्यावर जो जडपणा यायचा तोही गेला. विरळ हवेने ताकद कमी होते ती होतेच, पण वाईडबँडचा आकडा खाली असतो तिथेच वरही राहतो. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) आधीची आणि नंतरची ताकदीची रेषा ४५०० आरपीएमपर्यंत जवळपास एकावर एक आहेत, पुढे नवी थोडी वर. त्यातला किती भाग फ्लॅपचा अडथळा गेल्याचा आणि किती वरचं मिश्रण सुधारल्याचा, हे वेगळं काढता येत नाही. अ‍ॅव्हरेज लांबच्या प्रवासात सुधारलं, शहरात फरक जाणवला नाही.

त्रास दोन. पहिला, वेगातून अचानक पाय काढून क्लच दाबला की आरपीएम आयडलच्या खाली बुडायचे, क्वचित इंजिन बंद पडायचं. फ्लॅपला दुसऱ्या पाकळीचा आधार होता, हॉट-फिल्म मात्र क्षणात खाली-वर होते, आणि उलट फिरलेल्या हवेच्या लाटा तिला सरळ येणाऱ्या हवेसारख्याच वाटतात. बॉक्समध्ये सिग्नल मऊ करण्याची सेटिंग आहे, ती थोडी वाढवल्यावर हे थांबलं. फार वाढवली तर पिकअप मंदावतो, म्हणून पायरी पायरीने जा. भारी (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनावर हा त्रास कितीतरी जास्त असतो, तिथे मी हे किट सुचवणार नाही. दुसरा त्रास ब्रॅकेटचा. मूळ मीटर जड होता, फिल्टर बॉक्ससह घट्ट बसायचा. नवी नळी हलकी, तिचा पातळ ब्रॅकेट काही आठवड्यांतच कंपनांनी चिरला. जाड पट्टीचा नवा करून घेतला आणि मधे रबर घातलं.

पावसात काही झालं नाही, पण बॉक्स मी बोनेटखाली न ठेवता केबिनमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या वर, ईसीयूजवळ बसवला आहे. फिल्टर मूळच्या बॉक्समधला कागदीच ठेवला. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल फिल्मवर बसतं, मग ती कमी हवा सांगते आणि गाडी हळूहळू लीन होत जाते. फिल्म मळली तर फक्त या सेन्सरसाठीचा स्प्रे मारा, लांबून. काडी, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही.

जुना मीटर विकू नका. बॉक्स कधी बंद पडला तर तोच कप्लर जुन्या मीटरला लावून गाडी घरी आणता येते, आणि तपासणीत मूळ भाग मागितले जात असतील तिथे तो लागतोच. माझा मी झाकण सिलिकॉनने पुन्हा बंद करून डिकीत ठेवला आहे. सवड मिळाली की पट्टी वळवून तो नीट करणार आहे, आणि महिनाभर त्याच्यावर चालवून वाईडबँडचे आकडे दोन्ही बाजूंनी ताडून पाहणार आहे.