'माय कझिन रेचल': सही नसलेल्या मृत्युपत्राची गोष्ट

इंग्रज लेखिका डॅफ्नी द्यू मॉरिएची 'माय कझिन रेचल' ही कादंबरी 1951 सालची. रहस्यकथा म्हणून हातात घ्याल तर तिच्यात ना पोलीस, ना तपास, ना कोर्टातली उलटतपासणी. एक विधवा आहे, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातली एक मोठी इस्टेट आहे आणि त्या इस्टेटीचा वारस असलेला एक पोरगा आहे. त्या बाईनं नवऱ्याला विष घातलं की नाही, एवढाच प्रश्न. मी दारव्हा तालुक्यात तलाठी आहे. वारसांच्या नोंदी घेण्यातच नोकरी चालली आहे. त्यामुळे असेल, पण ही गोष्ट मला आपल्या गावातली वाटली.

सांगणारा आहे फिलिप. लहानपणीच पोरका झालेला, अँब्रोज नावाच्या मोठ्या चुलतभावानं वडिलांच्या मायेनं वाढवलेला. अँब्रोज हवापालटासाठी इटलीला जातो, फ्लॉरेन्समध्ये रेचलशी लग्न करतो. आधी आनंदाची पत्रं येतात. मग अक्षर बिघडत जातं, मजकुरात बायकोवरचा संशय दिसू लागतो. फिलिप धावत फ्लॉरेन्सला पोचतो तोवर अँब्रोज गेलेला असतो. मरणाचं कारण म्हणून डॉक्टर मेंदूतल्या गाठीचं नाव घेतात. अशा गाठीनं माणूस जवळच्यांवरच संशय घेऊ लागतो, असंही सांगितलं जातं. म्हणजे ती पत्रं खरी की आजाराची? लेखिका तिथंच आपल्याला पकडते आणि शेवटच्या पानापर्यंत सोडत नाही.

पुढे रेचल स्वतःच कॉर्नवॉलला येते. तिला पाण्यात पाहायचं ठरवून बसलेला फिलिप चार दिवसांत विरघळतो. हा बदल लेखिकेनं फार बारकाईनं लिहिला आहे. बाई मोठ्यानं बोलत नाही, काही मागत नाही. बागेत झाडं लावते, कुळांच्या घरी जाऊन आजाऱ्यांना औषधी पाल्याचे काढे सांगते, संध्याकाळी फिलिपला स्वतःच्या हातानं काढा करून देते. पहिल्यांदा वाचताना तो काढा मायेचा वाटतो. पुढे जुन्या कोटाच्या अस्तरात अँब्रोजचं एक पत्र सापडतं आणि तोच पेला वेगळा दिसायला लागतो. पेला तोच, बाई तीच.

कादंबरीतल्या लॅबर्नमच्या झाडाचं सांगायलाच हवं. पिवळ्या फुलांचे लोंबते घोस वाचून आपल्या डोळ्यांसमोर बहावा येतो, पण ते झाड वेगळं. त्याच्या शेंगांतल्या बिया विषारी. आपल्याकडची बिट्टी आठवा, म्हणजे पिवळी कण्हेर. दारात शोभेला लावतात, पोरं तिच्या बियांनी खेळतात आणि तीच बी जीव घेते. तसल्या बियांची पुडी एखाद्या घरात सापडली तर तुम्ही काय समजाल? झाडं लावायची हौस असलेल्या बाईकडे बी असणारच. की दुसरं काही?

माझ्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यात जबरदस्त भाग मृत्युपत्राचा. अँब्रोजनं सगळं रेचलच्या नावानं लिहून ठेवलं, पण सही केली नाही. का नाही केली? वेळ मिळाला नाही, की मनात शंका आली? कायद्यानं तो कागद कोरा. फिलिपला मात्र तो झोपू देत नाही. आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी तो सगळी मिळकत तिच्या नावानं करून देतो. पालक असलेले केंडल तेवढं एक कलम घालायला लावतात: बाईनं पुन्हा लग्न केलं तर मिळकत परत फिलिपकडे. बाईच्या हाती मालमत्ता द्यायची, पण दोरी आपल्याकडे ठेवायची. आपल्याकडे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही मुला-मुलींच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाची वारस आहे. तरी फेरफाराची नोटीस निघाली की दीर हरकत घेऊन हजर.

अशीच एक बाई माझ्यासमोर बसली होती. नवरा काविळीनं गेला होता, दवाखान्याच्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं. वारस नोंदवहीत तिचं नाव घेताना दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, हिनं त्याले काय पाजलं कोणाले मालूम?" चावडीत बसलेल्यांपैकी एकही माणूस त्याला गप्प बस म्हणाला नाही. बाईनं मान वर केली नाही. पदराच्या टोकानं बोटाची शाई पुसत राहिली. नोंद मी नियमानं घेतली, ती मंजूरही झाली. पण गावानं मनात घेतलेली नोंद कोण रद्द करणार? फिलिप रेचलच्या सामानात पत्रं शोधतो, तेव्हा मला त्या चावडीतली माणसं दिसली. रेचल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तिच्यावर संशय घ्यायला कादंबरीत जागा आहे. हात सैल, पैशाचा हिशेब नाही, तिचा इटलीतला मित्र रैनाल्दी सतत मागेपुढे. पण आपल्याला जे कळतं ते सगळं फिलिपच्या तोंडून, आणि फिलिप हा प्रेमात, तापात आणि मत्सरात बुडालेला पोरगा आहे. अशा साक्षीवर मी साधा पंचनामा करणार नाही.

कमी काय? मधला भाग रेंगाळतो. बागेचे बेत, नाताळचं जेवण, शेजाऱ्यांच्या भेटी यांत काही पानं कमी चालली असती. केंडलची मुलगी लुईझ शहाणी आहे, तिला आणखी जागा द्यायला हवी होती. इंग्रजी मात्र अवघड नाही. कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलेल्या कुणालाही जमेल. लेखिका कॉर्नवॉलमध्येच मेनाबिली नावाच्या जुन्या वाड्यात बरीच वर्षं भाड्यानं राहत होती. त्यामुळे घर, समुद्र, पाऊस, चिखल यांतलं काही ऐकीव वाटत नाही.

माझी प्रत विरागो प्रकाशनाची, नागपुरात सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत मिळाली. छपाई बारीक आहे, चष्मा लागतो. हिच्यावर दोन सिनेमे आहेत, 1952 चा ऑलिव्हिया डी हॅविलँड आणि रिचर्ड बर्टनचा, आणि 2017 चा रेचल वाइझचा. आधी ते पाहू नका. पडद्यावर नटीचा चेहरा समोर असतो आणि आपण त्या चेहऱ्यावरूनच निकाल देऊन मोकळे होतो. पुस्तकात ती सोय नाही. शेवटची पन्नास पानं रात्री जेवणं आटोपल्यावर, फोन बंद करून, एका बैठकीत वाचा. आणि वाचलेल्या कुणाशी तरी भांडा. आमच्या शाळेतल्या एका बाईंना मी ही प्रत दिली होती, त्या ठामपणे म्हणतात, रेचलनंच केलं. मी त्यांना त्या बियांच्या पुडीचं पान पुन्हा वाचायला सांगितलं आहे.