जुना लष्करी ट्रक विकायचा: आहे तसा, सजवून, की सुटा करून?

माझा युनिमॉग ४०४ हा जर्मन लष्करी ट्रक विकायला काढला, तेव्हा ज्याला त्याला एकच सुचत होतं: आधी रंग मारून घे. दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या, हौद्याच्या फळ्या झिजलेल्या, बॉनेटवर तीन वेगवेगळे हिरवे. मी रंग मारला नाही. ट्रक तसाच गेला, आणि ज्याने घेतला त्याने ते तीन हिरवेच आधी वाकून निरखले. कुठला थर लष्कराचा आणि कुठला नंतरचा, हे त्याला पाहायचं होतं.

भरपूर वापरलेला लष्करी ट्रक विकणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. आहे त्या स्थितीत विकायचा, पैसे घालून नव्यासारखा करून विकायचा, किंवा खोलून सुटे भाग विकायचे. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, पण तो सगळ्याच गाड्यांना लागू पडत नाही.

गाडी कोणती, यावर बरंच ठरतं. युनिमॉग ४०४ हा १९५५ ते १९८० या काळात ६४,००० हून अधिक बनला आणि त्यातला मोठा वाटा पश्चिम जर्मनीच्या सैन्याकडे गेला. अमेरिकन डॉज एम३७ तर १९५१ ते १९६८ मध्ये लाखाच्या वर निघाला. अशा गाड्यांच्या गिऱ्हाइकाला निवडीला वाव असतो, म्हणून तो स्थितीचे पैसे देतो. ब्रिटिश सैन्यासाठी सत्तरच्या दशकात बनलेल्या लँड रोव्हर १०१ फॉरवर्ड कंट्रोलची संख्या मात्र तीन हजारांच्याही आत आहे. तशी गाडी बंद अवस्थेतही शोधणारे लोक असतात, आणि ती खोलून विकावी असं मी कुणालाच म्हणणार नाही.

आहे तसा विकणं

यात खर्च कमी आणि वेळही कमी. भाव सजवलेल्या गाडीपेक्षा खाली येतो हे खरं, पण खिशात उरणारी रक्कम पाहिली तर फरक वाटतो तेवढा नसतो. फक्त "आहे तसा" याचा अर्थ "पडला होता तसा" असा घेऊ नका. ट्रक स्वतःच्या इंजिनावर सुरू होऊन, चालून, थांबला पाहिजे. एवढ्यापुरता खर्च मी डोळे मिटून करेन.

सुरुवात बॅटऱ्यांपासून करा. यातल्या बहुतेक गाड्या २४ व्होल्टच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. आधीच्या कुणीतरी रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर ओढलेली असते. मग एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. ती वायर काढून टाका. दोन्ही बॅटऱ्या सारख्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असू द्या. सेल्फ मारल्याबरोबर इंजिन जोमात फिरलं की निम्मी शंका तिथेच फिटते.

मग पेट्रोलचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम, म्हणजे आतले पातळ रबरी पडदे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पाइप मऊ पडतात, आतून सुटतात, गळतात. इंजिन दोन सीटच्या मधे असलेल्या गाडीत ही गळती आगीला आमंत्रण आहे.

ब्रेकचं काम कधीच टाळू नका. या वयाच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. कुठलं ऑइल भरलंय ते चिठ्ठीवर लिहून मास्टर सिलिंडरजवळ, म्हणजे ब्रेकच्या मुख्य पंपाजवळ, बांधा. अमेरिकन सैन्याने ऐंशीच्या दशकात सिलिकॉनचं डॉट ५ हे ब्रेक ऑइल स्वीकारलं. ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळून चालत नाही. नव्या मालकाने नकळत वरून भलतंच ओतलं तर त्याचा जीव धोक्यात येतो.

युनिमॉग किंवा ऑस्ट्रियन पिंझगाउअरसारख्या लष्करी गाडीत चाकाजवळ गिअर असतात, त्यामुळे एक्सल उंच राहतो आणि गाडी दगडांवरून जाते. जाणकार गिऱ्हाईक तिथलंच ऑइल काढून बघतो. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. तुम्ही आधीच बघा, सील बदलायचं असेल तर बदला, नाहीतर स्पष्ट सांगा.

सजवून विकणं

फोटोत हा ट्रक सगळ्यात देखणा दिसतो आणि फोन सगळ्यात जास्त येतात. पण प्रत्यक्ष बघायला आलेला माणूस नव्या रंगावर बोटाने टिचकी मारतो. खाली पुट्टी आहे का? चॅसीवरचा जाड काळा थर गंज लपवायला लावलाय का? जुन्या गाडीवरचा ताजा रंग प्रश्न वाढवतो, आणि उत्तर म्हणून तुमच्याकडे कामाचे जुने फोटो नसतील तर भाव पुन्हा खालीच येतो.

रंगाखाली आणखी एक गोष्ट कायमची जाते: जुने तुकडीचे आकडे, स्टेन्सिलची अक्षरं, टायर-प्रेशरच्या खुणा. संग्रह करणाऱ्याला त्याच हव्या असतात. शिवाय ऐंशीच्या दशकापासून अमेरिकन लष्करी गाड्यांवर रासायनिक हल्ल्यात टिकणारा रंग असतो. तो कोरडा घासला तर घातक धूळ उडते. घरच्या अंगणात सँडर चालवण्यासारखं हे काम नव्हे.

सजवण्याची वाट मला दोनच बाबतींत पटते. गाडी खरोखर दुर्मीळ असेल, किंवा काम तुम्ही स्वतःच्या हातांनी करणार असाल आणि त्या तासांची मजुरी मागणार नसाल.

सुटा करून विकणं

बेरीज कागदावर मोठी दिसते. गिअरबॉक्स, एक्सल, विंच, चाकं, ताडपत्रीच्या कमानी, दिवे, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. पण चांगला माल पहिल्या महिन्यात जातो, आणि सडकी केबिन व उघडी चॅसी वर्षभर जागा अडवते. चॅसी पूर्ण गंजून मोडली असेल तरच या वाटेला जा. तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. कडी लावून जोडलेल्या, म्हणजे अनेक तुकड्यांच्या रिमचा टायर हवा पूर्ण काढल्याशिवाय खोलू नका. ती कडी उडून माणसं दगावली आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मीटरच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. काच उघडू नका, तबकडी खरवडू नका.

इंजिन बदललेलं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. ४०४ चं मूळ पेट्रोल इंजिन २.२ लिटर, सहा सिलिंडर, ८२ अश्वशक्तीचं. ते पेट्रोल फार पितं, म्हणून कित्येकांनी तिथे डिझेल बसवलं. फिरायला गाडी घेणारा यावर खूश होतो, संग्रह करणारा पाठ फिरवतो. जुनं इंजिन कोपऱ्यात पडलं असेल तर ते भंगारात न देता गाडीसोबत द्या. मग दोघांशीही बोलणी होऊ शकतात.

कागदांचा गोंधळ तिन्ही वाटांवर सारखाच आडवा येतो. नोंदणीवर बऱ्याचदा सैन्यातून बाहेर पडल्याचं वर्ष असतं आणि डॅशबोर्डवरच्या पट्टीवर बनवल्याचं. दोन्ही वर्षं जाहिरातीत लिहा, पट्टीचा आणि चॅसीवर ठोकलेल्या नंबरचा फोटो तयार ठेवा. सैन्याने गाडी निकालात काढल्याचा कागद हाती असेल तर तो नव्या टायरांपेक्षा जास्त भाव आणतो.

गिऱ्हाईक येणार त्या सकाळी इंजिन आधी गरम करून ठेवू नका. बॉनेट थंड आहे हे त्याने स्वतः हात लावून बघू दे, किल्ली किंवा स्विच त्याच्याच हातात द्या. पहिला धूर, पहिला खोकला, तेलाच्या दाबाचा काटा वर चढायला लागणारे सेकंद, हे त्याला बघू दे. नंतर फोर-व्हील आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरवणारं) चिखलात किंवा मोकळ्या मातीत लावून दाखवा; डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळलात तर त्याच्यासमोरच एक्सल मोडू शकतो.