सोनी मराठी : सलूनच्या बाकड्यावरून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीच्या रस्त्याला माझं सलून आहे. पहिली पाळी सुटली की कंपनीतली पोरं येतात, रविवारी तर बाकड्यावर टेकायला जागा नसते. कोपऱ्यात वर टीव्ही लावलाय. बाकड्यावरचा माणूस "अजून किती वेळ?" विचारायचं विसरला की माझ्या लेखी चॅनल पास. सोनी मराठी पास आहे, पण एकाच विषयाच्या जोरावर. तो विषय म्हणजे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', छोट्या छोट्या विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम.

हे चॅनल आलंच उशिरा, ऑगस्ट २०१८ मध्ये. झी मराठी १९९९ पासून (तेव्हाचं अल्फा), आजचं कलर्स २००० पासून ईटीव्ही म्हणून, स्टार प्रवाह २००८ पासून. साडेसात-आठच्या मालिकांना घराघरातली जागा आधीच वाटून झालेली. त्यात नव्या गड्याने अजून एक सून उभी केली असती तर कोण बघणार होतं? प्रहसनावर भर दिला, तेच बरं केलं.

आमच्या धंद्याला प्रहसन फार सोयीचं. गिऱ्हाईक कधीही आत येतं. मालिका चालू असली तर आधी त्याला सांगावं लागतं, ही कोणाची कोण आणि तो तुरुंगात का. जत्रेत तसं नाही. कटिंग सुरू होते तेव्हा प्रहसन सुरू होतं, मानेवर पावडर मारेपर्यंत संपतं. मग परीक्षक सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक बोलायला लागतात, तेवढ्यात मी पुढच्याच्या दाढीला फेस करून घेतो. समीर चौघुले पडद्यावर आला की मी वस्तरा गालावरून उचलूनच धरतो, कारण तो तोंड उघडायच्या आधीच माणूस गदगदतो. नम्रता संभेरावची लॉली आली तर विचारूच नका. गौरव मोरे बाहेर पडला तेव्हा दुकानात अशी चर्चा, जशी कंपनीतला एखादा जुना ऑपरेटर सोडून गेल्यावर होते.

आता खटकणारं. जत्रा चालते म्हणून तीच ती किती दळायची? जुने भाग इतके फिरतात की रोजची पोरं पंच पडायच्या आत तो म्हणून मोकळी होतात. शिवाय ती मोबाइलवर बघून आलेलीच असतात. जत्रा नसताना चॅनल नेमकं कोणासाठी आहे, तेच कळत नाही. 'विणूया अतूट नाती' हे घोषवाक्य तर कुठल्याही चॅनलखाली खपून जाईल.

'कोण होणार करोडपती' मात्र छान जमलं होतं. २०१९ ला नागराज मंजुळे, पुढे सचिन खेडेकर. नागराज समोरच्याशी गावाकडच्या माणसासारखा बोलायचा, पैशाआधी त्याचं घरदार विचारायचा. दुकानात सगळेच उत्तरं द्यायचे. चुकलेला गप्प आरशात बघायचा.

भक्तीच्या मालिका म्हाताऱ्या मंडळींनी धरून ठेवल्या. 'गाथा नवनाथांची' आणि 'ज्ञानेश्वर माउली' आमच्याकडे परक्या नाहीतच. गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना अनुग्रह दिला तो ब्रह्मगिरीवर, समाधी त्र्यंबकला, आणि पौषात तिकडे दिंड्या जातात त्या नाशिकवरूनच. पडद्यावरचे चमत्कार जरा स्वस्तातले वाटायचे, पण ते बघताना आमचे वडील चहा गार करायचे, हे खरं.

घरी वेगळी तऱ्हा. मुक्ता बर्वे-उमेश कामतची 'अजूनही बरसात आहे' होती तोवर बायको सोनीवर होती. वयाने जरा पोक्त जोडपं, दोघं डॉक्टर, उगाच कटकारस्थानं नाहीत. ती संपली आणि रिमोट परत प्रवाहवर गेला. तशी दुसरी आली असती तर ती थांबली असती, असं तीच म्हणते.

दुकानाला पाचपैकी चार. घराला अडीच, आणि त्यातला अर्धा वडिलांच्या नवनाथांचा.