कॅम्पवर सरपण फोडायला कुऱ्हाड: सात महिन्यांच्या वापरानंतर

कुऱ्हाड घेताना आम्ही धार बघून घेतली आणि तिथेच फसलो. बघायला हवी होती ती पात्याची जाडी. ही एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर निदान एका कुऱ्हाडीचे पैसे वाचले असते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मित्राच्या मालकीची जमीन आहे, तिथे आम्ही दोघं तंबूंचा लहानसा कॅम्प चालवतो. नोव्हेंबरला सुरू होतो, काजवे संपून पाऊस लागला की बंद. शनिवारी दोन-तीन शेकोट्या आणि जेवण सगळं चुलीवर, त्यामुळे एका रात्रीत साठ-सत्तर किलो लाकूड सहज उडतं. आजूबाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 पासूनचं. रानातली काटकीसुद्धा उचलायची नाही हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. सगळं लाकूड वखारीतून टेम्पोनं येतं. वखारवाला फोडूनही देतो, पण क्विंटलमागे वर पैसे घेतो. म्हटलं, आपणच फोडू. व्यायाम होईल!

पहिली कुऱ्हाड हार्डवेअरच्या दुकानातली, दांड्यासकट 600 रुपये. पातं पातळ, धार अशी की हातावरचे केस निघावेत. फांद्या सपासप तुटल्या, आम्ही खूश. मग बाभळीचा पहिला ओंडका उभा केला आणि घाव घातला. कुऱ्हाड खच्चकन आत गेली ती तिथेच बसली. दांडा वरखाली हलवून बघितला, लाथ घालून बघितली, शेवटी ओंडक्यासकट उचलून आपटत बसलो. शेजारच्या वाडीतले एक बाबा गुरं घेऊन चालले होते, ते थांबून बघत होते. म्हणाले, "ही फांदीची हाय भाऊ, ओंडक्याची नाय."

बाबांनी एका वाक्यात सांगितलं ते मला नंतर हळूहळू कळलं. लाकूड तोडणं वेगळं आणि फोडणं वेगळं. तोडताना आपण लाकडाच्या रेषा आडव्या कापतो, तिथे पातळ आणि धारदार पातंच हवं. फोडताना रेषा कापायच्या नसतात, त्यांना एकमेकींपासून बाजूला सारायचं असतं. म्हणजे कुऱ्हाडीनं पाचरीचं काम करायचं. धार फक्त तोंड उघडून देते, पुढे फाकवतं ते पात्याचं जाड पोट. पातळ पात्याला पोटच नाही, मग ते आत शिरतं आणि लाकूड त्याला दोन्हीकडून आवळून धरतं.

रागाच्या भरात ऑनलाइन एक आखूड, एका हातानं चालवायची कुऱ्हाडही मागवली होती. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. ढलप्या काढायला बरी, पण तेच काम घरचा कोयता जास्त सुरक्षितपणे करतो: कोयता लाकडावर टेकवायचा आणि पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकायचं. बोटं वाचतात. शिवाय आखूड दांड्याची कुऱ्हाड उभ्यानं मारली आणि घाव हुकला तर ती गोल फिरून थेट नडगीवर येते. लांब दांड्याची हुकली तर बहुतेक वेळा जमिनीत जाते. आखूड कुऱ्हाड वापरायचीच तर गुडघ्यावर बसून.

डिसेंबरात खास फोडायची म्हणून विकतात ती घेतली. दांडा फायबरचा, सव्वादोन फूट, वजन दोन किलोच्या आसपास, किंमत 2,900. पहिल्याच घावाला सुबाभळीचा ओंडका टाळी वाजल्यासारखा दुभंगला तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. पुढचे चार महिने ती रोज चालली. सुबाभूळ, आंबा म्हणजे तिला खेळ. निलगिरी ओली असेपर्यंत ठीक, वाळली की तिच्या रेषा पिळलेल्या असतात आणि ओंडका नुसता चिंध्या होऊन लोंबतो. त्यामुळे आता निलगिरी आली की त्याच आठवड्यात फोडून रचून ठेवतो. बाभळीला गाठी असतात. मधोमध हाणत बसायचं नाही, कडेकडेनं फळ्या काढल्यासारखं सोलत यायचं, गाठीचा तुकडा शेवटी राहतो. तो तसाच शेकोटीत टाकावा. रात्रभर निखारा धरतो.

आता तक्रार. फायबर दांड्याला काही होत नाही असं वाटून आम्ही तो पोरांच्या हातात दिला. नवख्याचा घाव नेहमी लांब पडतो: पातं ओंडक्याच्या पलीकडे जातं आणि दांड्याची मान कडेवर आदळते. मार्चअखेर मानेपाशी बारीक चीर दिसली, पंधरा दिवसांत ती बोटभर झाली. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, हे गैरवापरात मोडतं. एका अर्थी खरंही आहे. पण हा दांडा पात्याला कायमचा जोडलेला असतो, बदलायची सोयच नाही. दांडा गेला की कुऱ्हाड गेली. तीन हजारांच्या वस्तूत हे मला पटत नाही.

एप्रिलमध्ये राजूरच्या लोहाराकडे गेलो. मोडकी कुऱ्हाड सोबत नेली आणि म्हटलं, अशी पोटाला जाड पाहिजे. त्यानं पातं बोटांनी चाचपलं, वजन केलं आणि चार दिवसांनी पावणेदोन किलोचं डोकं घडवून दिलं. 1,100 रुपये, बाभळीच्या दांड्यासह. बाभूळ फोडायला बाभळीचाच दांडा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते आमच्याकडे रोज घडतं.

लाकडी दांड्याची कटकट आहेच. एप्रिलच्या उन्हात लाकूड आक्रसलं आणि दांडा बसतो त्या नेढ्यात, म्हणजे भोकात, डोकं खुळखुळायला लागलं. एका सकाळी ते दोन बोटं वर सरकलेलं मी वेळेवर पाहिलं, नाहीतर कुणाच्या तरी दिशेनं उडालं असतं. तेव्हापासून रोज काम सुरू करण्याआधी कुऱ्हाड उलटी धरून हलवून बघतो. रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा उपाय सगळे सांगतात. त्यानं दांडा फुगतो खरा, पण वाळला की पहिल्यापेक्षा जास्त सैल होतो. आम्ही पाचर काढून जाड पाचर ठोकली आणि दांड्याला महिन्यातून एकदा जवसाचं तेल चोळतो. मानेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलीय, पोरांचे लांब पडलेले घाव ती सोसते. आणि उद्या दांडा मोडलाच तर दीडशे रुपयांत नवा.

धारेचं फार मनावर घेऊ नका. महिन्यातून एकदा कानस मारतो, एकाच दिशेनं, आणि वरून दगड. मात्र जमिनीवर ठेवून लाकूड फोडू नका. एक घाव खडकावर बसला की अर्धा दिवस कानस. आमच्याकडे खाली चिंचेचा ठोकळा आहे. चिंचेच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, सहजी फुटत नाही. मटणाच्या दुकानात ठोकळा चिंचेचा असतो तो त्यामुळेच. त्यावर गाडीचं जुनं टायर ठेवून ओंडका आत उभा करतो. फोडलेले तुकडे इकडेतिकडे उडत नाहीत, दर घावाला वाकावं लागत नाही. या फुकटच्या टायरनं माझी कंबर जितकी वाचवली तितकी कुठल्याच कुऱ्हाडीनं नाही. आणि पातं ओंडक्यात अडकलं तर पाठीवर घण घालू नका, नेढं पसरतं आणि मग कुठलाच दांडा धड बसत नाही. घणासाठी लोखंडी पाचर वेगळी ठेवा.

वर्षातून दोनदा कुटुंबासोबत तंबू ठोकणारे असाल तर कुऱ्हाड घेऊच नका, फोडलेलं लाकूड विकत घ्या आणि कोयता ठेवा. गडावर किंवा अभयारण्यात तर कुऱ्हाड नेऊच नये. आठवड्याला क्विंटलभर फोडायचं असेल तर पोटाला जाड, दीड ते दोन किलोचं डोकं, सव्वादोन ते अडीच फुटी दांडा, आणि तो बदलता येणारा.

पहिली पातळ कुऱ्हाड मे महिन्यात त्या बाबांना देऊन टाकली. कुंपणाच्या काट्या तोडायला त्यांना अशीच हवी होती. दुसऱ्या दिवशी त्यांची नात डबाभर करवंदं ठेवून गेली.