कँकाकी नदीच्या पाणलोट क्षेत्राचा भिंतीवरचा नकाशा : नौपाड्यातील एका दुकानाचे काम

नौपाड्यातील ज्या दुकानाविषयी लिहीत आहे, तिथे दिवसभर मुख्यतः वास्तुविशारदांचे आराखडे आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांचे नकाशे छापले जातात. मागणीप्रमाणे भूगोलाचे नकाशेही तिथे तयार करून मिळतात, असे एका परिचितांकडून कळल्यावर मी एक जरा वेगळे काम घेऊन तिथे गेलो. अमेरिकेतील इंडियाना आणि इलिनॉय या राज्यांतून वाहणाऱ्या कँकाकी नदीचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र दाखवणारा, देवनागरीत नावे असलेला आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर लावता येईल एवढा मोठा नकाशा मला हवा होता. माझी मुलगी इंडियानातील साउथ बेंड या शहरात राहते आणि कँकाकीचा उगम त्याच शहराजवळ आहे. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे नातवंडे राहतात तिथले पाणी कोणत्या वाटेने समुद्राला जाते, हे नीट समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नव्हते.

ही वाट समजून घेण्यासारखीच आहे. साउथ बेंडमधून वाहणारी मोठी नदी सेंट जोसेफ ही मिशिगन सरोवराला मिळते आणि तिचे पाणी पुढे सरोवरांच्या साखळीतून व सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिक महासागरात जाते. तिच्यापासून काही किलोमीटरांवर उगम पावणारी कँकाकी मात्र नैर्ऋत्येला वळते, शिकागोच्या नैर्ऋत्येस डेस्प्लेन्स नदीला मिळते, त्या संगमापासून इलिनॉय नदी सुरू होते आणि ग्राफ्टन या गावाजवळ ती मिसिसिपीला मिळून शेवटी मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. १६७९ च्या डिसेंबरात ला साल हा फ्रेंच प्रवासी आपल्या माणसांसह सेंट जोसेफमधून होड्या बाहेर काढून, त्या खांद्यावर वाहून कँकाकीत उतरला होता, इतक्या या दोन नद्या जवळ आहेत. आपल्याकडे जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचे पाणी वेगळे करणारी उंच रेषा, म्हटले की सह्याद्रीचा कडा डोळ्यांसमोर येतो. साउथ बेंडजवळ मात्र तो जवळजवळ सपाट जमिनीवर आहे आणि उभ्या माणसाला तो दिसतही नाही. त्यामुळे नकाशाने तो दाखवणे ही माझी पहिली अपेक्षा होती.

पहिल्या कच्च्या छपाईत ती पूर्ण झाली नाही. दुकानाने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस मीटरच्या अंतराने काढल्या होत्या. आपल्या भागाच्या पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या सरकारी नकाशांत हेच अंतर असते आणि माळशेज किंवा माहुलीसाठी ते योग्यही आहे, पण कँकाकीच्या खोऱ्यात त्यामुळे कागदाचा मोठा भाग कोरा राहिला. मी हे दाखवताच दुकान चालवणाऱ्या ताईंनी वाद न घालता पाच मीटरचे अंतर घेऊन माझ्यासमोर एक तुकडा छापून पाहिला. उत्तरेकडची व्हॅल्परेझो मोरेन, म्हणजे हिमनदीने वितळताना मागे ठेवलेली दगडमातीची लांबलचक टेकडी, त्यात लगेच उठून दिसली आणि तिच्या दक्षिणेला हिमनद्यांच्या पाण्याने पसरलेल्या वाळूचा सपाट प्रदेशही स्पष्ट झाला. ग्राहकाची सूचना ऐकून लगेच करून पाहण्याची ही तयारी मला या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि असा नकाशा करून घेणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातील सर्व पाणलोट क्षेत्रांच्या सीमा क्रमांक देऊन विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत आणि दुकानाने त्याच वापरल्या होत्या. मात्र त्या वर्गीकरणाच्या आठ अंकी पातळीवर ‘कँकाकी’ आणि ‘इरोक्वॉय’ हे दोन वेगळे विभाग आहेत. दुकानाने नावावरून फक्त पहिला विभाग उचलला आणि कँकाकीची सर्वांत मोठी उपनदी तिच्या सगळ्या क्षेत्रासह नकाशातून गळाली. इरोक्वॉय नदी इंडियानात उगम पावते, पश्चिमेला इलिनॉयमध्ये शिरते, वॉट्सीका गावापाशी उत्तरेला वळते आणि कँकाकी शहराच्या किंचित वरच्या बाजूला अरोमा पार्क येथे मुख्य नदीला मिळते. मोमेन्स येथील मोजणी केंद्रापर्यंत कँकाकीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ५,९०० चौरस किलोमीटर आहे, तर खाली विल्मिंग्टन येथे ते सुमारे १३,३०० चौरस किलोमीटर होते, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक. या दोन आकड्यांमधली बहुतेक वाढ इरोक्वॉयची आहे. ती वगळून काढलेल्या नकाशाला कँकाकीचा नकाशा म्हणता येणार नाही, हे मी सांगितल्यावर दोन्ही विभाग जोडून नवी सीमा काढण्यात आली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले गेले नाहीत. तरीही पाणलोटाचे नकाशे करून देतो असे सांगणाऱ्या दुकानाने संगमाच्या खाली एक बिंदू धरून तिथपर्यंत येणारे सगळे पाणी नकाशात आले आहे की नाही, हे स्वतः तपासायला हवे होते.

आता नदीच्या मुख्य पात्राविषयी, कारण नकाशातील सर्वोत्तम काम तिथे झाले आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत इंडियानातील कँकाकी ही असंख्य वळणे घेत एका विस्तीर्ण पाणथळ प्रदेशातून सावकाश वाहणारी नदी होती. त्या दलदलीचे क्षेत्र सुमारे २,००० चौरस किलोमीटर होते आणि तिच्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी दूरदूरहून लोक येत. शेतीसाठी ती कोरडी करायची ठरल्यावर १८९३ मध्ये राज्यसीमेच्या पलीकडे मोमेन्स येथे पाणी अडवून धरणारा खडकाचा आडवा उंबरठा काही प्रमाणात फोडण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंडियानातील जवळजवळ सगळे पात्र खोदून सरळ करण्यात आले, इतके की त्याची लांबी मूळच्या निम्म्याहूनही कमी झाली. इलिनॉयने आपल्या हद्दीतील वळणे तशीच ठेवली. दुकानाने जुन्या दलदलीची सीमा तुटक रेषेने दाखवून आतला भाग फिकट हिरव्या रंगात भरला आहे आणि आजचे पात्र त्यावर गडद निळ्या रंगात काढले आहे. त्यामुळे ईशान्येकडून पट्टीने ओढल्यासारखी येणारी रेषा राज्यसीमेवर एकदम नागमोडी होते, हे चार पावले दूर उभे राहूनही दिसते. सरळ झालेल्या पात्रातून वेगाने येणारी वाळू खालच्या वळणांत साचते आणि त्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. त्या चर्चेचे मूळ या एका रेषेत आहे. मी स्वतः मुलीकडे गेलो असताना या पात्राच्या काठी उभा राहिलो होतो आणि दोन्ही बाजूंचे बांध पाहून मला आपल्या कालव्याचीच आठवण झाली होती.

छपाईची गुणवत्ता चांगली आहे. नकाशाचे प्रमाण अडीच लाखांस एक, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर आहे. कागद जाड व चकाकी नसलेला आहे, त्यामुळे खिडकीसमोर लावूनही अक्षरे वाचता येतात. देवनागरी नावांनी मात्र त्रास दिला. पहिल्या दोन छपायांत जोडाक्षरे सुटली होती आणि ‘मिशिगन’मधला ऱ्हस्व इकार चुकीच्या अक्षराला चिकटला होता. शेवटी ताईंनी सगळी नावे दुसऱ्या संगणकप्रणालीत नव्याने बसवून दिली. या दुरुस्त्यांमुळे आठवड्याच्या कामाला अडीच आठवडे लागले. रचना, छपाई आणि लाकडी पट्ट्या धरून मी २,८०० रुपये दिले आणि एवढ्या कष्टाच्या मानाने ती रक्कम मला वाजवी वाटते. लॅमिनेशन घेऊ नये असे मी सुचवीन, कारण माझ्या हाती दिलेल्या नमुन्यात त्यामुळे फिकट हिरवा आणि फिकट पिवळा यांतला फरक नाहीसा झाला होता. जाण्यापूर्वी उपनद्यांची यादी लिहून न्यावी आणि अंतिम छपाईआधी पूर्ण आकाराची कच्ची प्रत मागून घ्यावी. ती वेगळी मागावी लागते, पण मागितल्यावर आनंदाने दिली जाते.

याच दुकानाला मी आता उल्हास नदीच्या पाणलोट क्षेत्राचा नकाशा सांगितला आहे. भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला, हे या वेळी पहिल्याच कच्च्या प्रतीत बरोबर आले. अडचण ठोकरवाडी धरणाच्या पाण्याची आहे. हे धरण ज्या आंध्रा नदीवर आहे ती इंद्रायणीची उपनदी, म्हणजे निसर्गतः तिचे पाणी भीमा व कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे, पण १९२२ पासून ते भिवपुरीच्या वीजगृहातून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरते आणि उल्हासमध्ये येते. ते क्षेत्र सीमारेषेच्या आत घ्यावे की बाहेर ठेवावे, यावर ताई आणि मी बराच वेळ बोललो. रेषा घाटमाथ्यावरच ठेवायची, धरणाचे क्षेत्र तिच्या बाहेर तिरप्या रेघांनी भरायचे आणि बोगद्याची वाट लाल बाणाने दाखवायची, असे ठरले आहे. त्याची कच्ची प्रत पुढच्या शनिवारी मिळणार आहे.