दीड किलोचा डिटेक्टर आणि माझं कोपर : आठ महिन्यांनंतर

मागच्या रविवारी इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या एका कुरणात, पाऊस चालू असताना, माझ्या मेटल डिटेक्टरची कोपराखालची वाटी कडकन तडकली. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर आठ महिने आळसच चालला होता.

किती खोल जातो, किती फ्रिक्वेन्सी, पाण्यात बुडवला तर चालतो का, हे सगळं तुम्ही दहा व्हिडिओंत बघून झालं असणार. त्याबद्दल माझी तक्रार शून्य. कॅनच्या चिंध्या आणि चांदी यांतला फरक त्याला माझ्यापेक्षा बरा कळतो. माझा प्रश्न वेगळा आहे : तीन तासांनी हात जागेवर राहतो का?

खोक्यावर लिहिलंय १.४ किलो. ते वाचून मी हसलो होतो. एवढे तर कांदे आणतो माणूस एका हातात. पण कांद्याची पिशवी हात खाली सोडून धरतात. तीच पिशवी काठीच्या टोकाला बांधा, काठी समोर धरा आणि जमिनीपासून दोन बोटं वर ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवत राहा. एक फेरा साधारण दीड सेकंदाचा. खणण्यात गेलेला वेळ वजा केला तरी तीन तासांत चार हजारांच्या वर फेरे होतात.

सप्टेंबरमध्ये कापणी झालेल्या शेतांत उत्साहाने फिरलो. गव्हाचे खुंट कॉइलला अडतात (कॉइल म्हणजे दांडीच्या टोकाची गोल चकती; आमच्या घरी तिला तवा म्हणतात, पुढेही तेच म्हणतो), प्रत्येक अडण्याचा हिसका दांडीतून थेट कोपराला. ऑक्टोबरात एके सकाळी सांडशीने चहाचं पातेलं उचललं आणि कोपराच्या बाहेरून मनगटापर्यंत अशी कळ गेली की अर्धा चहा शेगडीवर. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, टेनिस एल्बो. मी आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही.

त्या आठवड्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोन तारे दिले असते, तेही रडत. रात्री बसून हलकी यंत्रं धुंडाळली. एक्सपीचा ड्यूस २ पाऊण किलोच्या आसपास, माझ्या यंत्राच्या जवळपास निम्मा. किंमत बघितली आणि टॅब बंद केला. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरचा तो प्रसिद्ध सोन्याचा साठा ज्याला सापडला, त्याचं यंत्र अडीच पौंडांना घेतलेलं सेकंडहँड होतं, हे मी त्या रात्री स्वतःला तीनदा सांगितलं.

मग मत बदललं, आणि ते बदलवलं आमच्या ग्रुपमधल्या सत्तरीच्या एका आजोबांनी. त्यांनी मला पाच मिनिटं लांबून बघितलं आणि म्हणाले, तू झाडतोयस. खरंच होतं ते. खराट्याने अंगण झाडताना शेवटी जो झटका देतो ना आपण, तसाच मी प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला तवा उचलत होतो. त्याने शोधाची खोली कमी होते ती होतेच, वर मनगटही जातं. शिवाय दांडी आखूड ठेवली होती, म्हणून कमरेत वाकून चालत होतो. त्यांनी दांडी दोन भोकं लांब केली, वाटी कोपराच्या किंचित खाली आणली, खांदा सैल सोडायला लावला. ताठ उभं राहिल्यावर तवा बुटांच्या फूट-दीड फूट पुढे यायला हवा. एवढंच. कंपनीच्या पुस्तिकेत यावर एक पुसट चित्र आहे, ते मी चार्जरच्या सूचना समजून उलटलं होतं.

पण खरी गंमत वजनाची. हातापासून तवा सुमारे ९० सेंटिमीटर पुढे, वाटीचं टोक ३० सेंटिमीटर मागे. म्हणजे पुढचे १०० ग्रॅम तोलायला मागे ३०० ग्रॅम हवेत. कावडीचं गणित, फक्त खांद्याऐवजी मूठ. माझ्याकडे माझ्या स्वतःच्या आजोबांच्या किराणा दुकानातली २०० आणि १०० ग्रॅमची लोखंडी वजनं आहेत, इथे पेपरवेट म्हणून पडून होती. जुन्या मोज्यात घातली आणि वाटीच्या मागे करकचून बांधली. यंत्र झालं १.७ किलोचं आणि हाताला लागायला लागलं हलकं! बायकोला हे पटवायला अर्धा तास गेला, शेवटी हातात देऊनच पटलं. लोखंड मागे बांधलं तर यंत्र ओरडणार नाही का, असं विचाराल. नाही ओरडत. एक तर ते तव्यापासून लांब आहे, आणि तव्याबरोबरच हलतं. तव्याखालून काही सरकलं तरच त्याला बोलायचं असतं.

नोव्हेंबर ते मार्च कोपर एकदाही बोललं नाही. याच काळात १८६२ची पेनी सापडली, व्हिक्टोरिया राणीची. आपल्याकडच्या १८६२च्या रुपयावरचीच बाई, इथल्या चिखलात हिरवी पडलेली. साताऱ्याच्या मामाला फोटो पाठवला तर म्हणाला, ते यंत्र घेऊन ये, वाड्यात हंडा पुरलाय. त्याला १८७८चा कायदा सांगितला : दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. तेव्हापासून हंड्याचा विषय बंद आहे.

हेडफोन ठीक. थंडीत कानटोपीचं काम करतात, उन्हात कान शिजतात. गुडघ्यांना पॅड घ्या, त्यात कंजूषपणा नको.

तर आता वाटी. प्लॅस्टिकची, खाली एकच स्क्रू, आणि त्या स्क्रूच्या भोकापासूनच तडा गेलेला. एवढ्या महागड्या यंत्रात सगळा भार जिथे येतो तिथे एक स्क्रू! अस्तराची पट्टी तर पाचव्या महिन्यातच सुटली होती, ती मी योगा मॅटचा तुकडा चिकटवून भागवली. दुकानाला मेल टाकला. उत्तर आलं : ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही, नवीन वाटी ३८ पौंड. मी फोटो पाठवले. फोटोत मोजा दिसत होता. दुसरं उत्तर : मूळ रचनेत बदल केल्याचं दिसतं.

आता खरं सांगायचं तर ३०० ग्रॅम वजन आठ महिन्यांपैकी सहा महिने त्याच स्क्रूवर लटकत होतं. माझाही थोडा हात आहे त्यात, मान्य. पण ज्या यंत्राचा तोल मुळातच पुढे कललेला आहे, त्याला गिऱ्हाईक मागे काहीतरी बांधणारच, हे बनवणाऱ्याला सुचू नये?

सध्या सांडपाण्याच्या ११० मिलिमीटरच्या पाइपाचा तुकडा उभा चिरून, गरम पाण्यात वाकवून वाटी केली आहे. दोन स्क्रू. योगा मॅट तीच. खर्च चार पौंड. मोजा आता वाटीला नाही, थेट दांडीला बांधलाय. यंत्राला साडेतीन तारे, वाटीला भोपळा. फुटकी वाटी फेकलेली नाही. दुकानाला तिसरा मेल काल रात्री गेलाय, या वेळी मोजा काढून घेतलेल्या फोटोसकट.