विंदालूची बाटली: लसूण सहाव्या नंबरला

सुपरमार्केटात मिळणारी विंदालू पेस्ट, २०० ग्रॅमची काचेची बाटली, किंमत दीडशेच्या आत. लेबलवर कृती छापली आहे: अर्धा किलो मटणाला अख्खी बाटली, अर्धा तास मुरवा, पंचवीस मिनिटं शिजवा. बाटली उलटी करून घटक वाचले की निम्मा निकाल तिथेच लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. इथे टोमॅटो पहिला, मग पाणी, तेल, साखर, मिरची आणि सहाव्या नंबरला लसूण. आंबटपणाला आयएनएस २६०, म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. दाटपणाला ४१५, झँथन गम.

आता नाव बघा. पोर्तुगीजांच्या ‘व्हिन्या द आल्युश’वरून विंदालू झालं, व्हिन्यु म्हणजे वाइन, आल्यु म्हणजे लसूण. १५१० नंतर गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मिरचीही पोर्तुगीजांनीच आणली. बटाट्याचा संबंध नाही, ‘आलू’ हा नुसता कानाचा घोटाळा. या बाटलीत मात्र बटाटा घालायची सूचनाही आहे. आंबट रश्श्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, मटण गळायला आलं तरी फोड करकरीत राहते. घालायचाच तर आधी उकडून, शेवटी.

बाटलीतलं चांगलं आधी. रंग खरा मिरचीचा, गडद, भगवा नाही. लवंग-दालचिनी बेतात, मिरी मागून लागते.

शिजवताना अडचणी सुरू होतात. साखर आणि टोमॅटोमुळे पेस्ट कुकरच्या बुडाला धरते, दुसऱ्या शिट्टीलाच करपट वास येतो. शिवाय झाकण बंद असल्याने व्हिनेगरचा उग्रपणा उडून जात नाही. म्हणून कुकर लावलाच तर चार शिट्ट्यांनंतर झाकण काढून दहा मिनिटं मंद आचेवर उकळी द्यावी. जाड बुडाचं पातेलं उत्तम: तीन चमचे तेलात दोन बारीक चिरलेले कांदे तांबूस, मग मंद आचेवर पेस्ट तेल सुटेपर्यंत, मग मटण. मटणाला सुटलेलं पाणी आटलं की दीड कप उकळतं पाणी आणि सव्वा तास. पंचवीस मिनिटांत बोकडाचं मटण उघड्या पातेल्यात शिजत नाही, लेबल काहीही म्हणो.

मुरवायला अर्धा तासही अपुरा. किमान चार तास, किंवा रात्रभर फ्रीजमध्ये. दोन दिवस नको, तुकड्याची बाहेरची बाजू भुसभुशीत होते. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ आंबटाला चालत नाही.

कोल्हापुरी हाताला इथे दोन मोह आवरावे लागतात. मटण आधी हळद-मिठात उकडून अळणी रस्सा बाजूला काढला, तर व्हिनेगर मुरायला कच्चं मांसच उरत नाही. आणि चव फिकी वाटली म्हणून कांदा-लसूण चटणी टाकली, तर तिच्यातल्या खोबऱ्या-तिळामुळे विंदालूचा आंबट तिखटपणा बोथट होतो. मग ते बिघडलेलं तांबडं मटण.

बाटली सुधारता येते. ठेचलेल्या लसणाच्या बारा पाकळ्या, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि माडाचं व्हिनेगर दोन चमचे, एवढं मुरवतानाच घातलं की चव बरीच जाग्यावर येते. पण एवढं करायचंच, तर घरचं वाटण किती लांब? अर्धा किलोला दहा ब्याडगी मिरच्या पाव कप व्हिनेगरमध्ये भिजवायच्या, पाण्यात नाही. त्यात पंधरा पाकळ्या लसूण, इंचभर आलं, चमचाभर जिरं, दहा मिरी, पाच लवंगा, इंचभर दालचिनी आणि चिमूट हळद. त्याच व्हिनेगरमध्ये बारीक वाटायचं. संकेश्वरी वापरली तर चारच, नाहीतर तिखटापुढे लसूण दबतो. शेवटी सुपारीएवढा गूळ.

भाकरी चुरून खायला हा रस्सा दाट आणि आंबट पडतो; पाव बरा. जमलं तर आदल्या रात्री करून ठेवावं, दुसऱ्या दिवशी आंबट बसतं आणि लसूण वर येतो. बाटलीतल्या पेस्टचं दुसऱ्या दिवशी तसं होत नाही, फक्त गोडी जास्त जाणवते. पाचपैकी दोन तारे, दोन्ही मिरचीच्या रंगाला.